आंबटाकडं का खाराकडं

महिपतीच्या शर्टाच्या खिशात स्वतःचं पेन कधी नसायचं. समोर दिसेल त्याचं पेन तो घ्यायचा आणि परत करायचं विसरायचा. याबद्दल हॉस्पिटलात त्याच्यावर दोनदा लेखी तक्रार झाली होती. दुसऱ्या तक्रारीवर सही करायला त्यानं तक्रार करणाऱ्याचंच पेन घेतलं, ते अजून गेलेलंच आहे.

खिशात असायची ती लिटमस कागदाची वही. काडेपेटीएवढी, अर्धी पानं लाल, अर्धी निळी. आंबटात निळं पान लाल होतं, खारात लाल पान निळं होतं. आधीची कंपनी बंद पडून सात वर्षं झाली तरी वही खिशात होती. म्हणजे तीच नव्हे. संपली की तो उल्हासनगरात, शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या एका सिंधी दुकानात जाऊन नवी घ्यायचा. दुकानदार दर वेळी विचारायचा, "कौनसे स्कूल में हो, मास्तर?"

महिपती सांगायचा, "नववी नापास."

ती कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत होती. कापडाच्या रंगाला लागणारी रसायनं करायची. महिपती बदलापूरच्या पलीकडच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरचा. भात झोडून झाला, हाताला काम उरलं नाही, म्हणून एका डिसेंबरात चार महिन्यांपुरता कंपनीत लागला आणि बावीस वर्षं राहिला. काम एकच. टाकीतून मगभर नमुना काढायचा, तो आंबटाकडं झुकलाय का खाराकडं ते बघायचं आणि ओरडून सांगायचं. प्रयोगशाळेतले साहेब आम्ल आणि अल्कली म्हणायचे. पण मोटरच्या आवाजात टाकीवर चढलेल्या माणसाला दोन्ही शब्द 'अ' एवढेच ऐकू यायचे. त्यापेक्षा आंबट आणि खार बरं. मोजमाप शून्य ते चौदा. सात मधोमध. सातच्या खाली आंबट, वर खार. एवढ्या ज्ञानावर माणसाची नोकरी निघून जाते, असं महिपतीचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

सत्त्याण्णव साली एका दुपारी मीटरनं टाकीत तेरा दाखवले. तेरा म्हणजे कडक कॉस्टिक, कातडी जाळणारा खार. सुपरवायझर म्हणाला, मीटर बिघडलाय, सकाळीच टाकी ॲसिडनं धुतलीय, खार येईल कुठून? खोल व्हॉल्व्ह. महिपतीच्या हातातलं लाल पान तोवर निळं होऊन बसलं होतं. सुपरवायझर बीएस्सी होता. महिपतीनं कागद खिशात घातला. त्याच्या जोडीला असलेल्या बबननं व्हॉल्व्ह खोलला. खार उडाला आणि बबनचा डावा डोळा गेला.

चौकशीत मीटर चांगला होता असं निघालं. कागदाबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून महिपतीनं सांगितलं नाही. बबनला मात्र तिसऱ्या दिवशी खाटेपाशी बसून सांगितलं. बबन म्हणाला, "बरं."

पुढं नऊ वर्षं दोघं रोज संध्याकाळी शिवमंदिराच्या रस्त्यावर एकाच बाकड्यावर चहा प्यायचे. बबननं त्या विषयावर 'बरं'च्या पुढं एक अक्षर काढलं नाही. महिपतीला शिव्या चालल्या असत्या.

कंपनी बंद पडल्यावर महिपती चार ठिकाणी वॉचमन झाला आणि शेवटी उल्हासनगरातल्या एका हॉस्पिटलात लागला. वॉचमन म्हणूनच. तिथल्या सिंधी मोठ्या डॉक्टरांनी मुंबईहून रक्त तपासायचं एक जुनं मशीन आणलं. नाडीत सुई घालून धमनीचं रक्त काढायचं, ते मशीनला पाजायचं, की मशीन रक्तातल्या वायूंचे आणि आंबटपणाचे आकडे चिठ्ठीवर छापतं. सगळे त्याला एबीजी म्हणायचे. मशीन नाजूक होतं. त्याला दर काही तासांनी आंबटपणा ठरलेलं पाणी पाजून सरळ करावं लागायचं. दोन टेक्निशियन त्या जाचाला कंटाळून गेले. एके दिवशी मोठे डॉक्टर बघतात तर गेटवरचा महिपती आत उभा राहून मशीनला पाणी पाजतोय.

"तेरे को आता है?"

"कंपनीत असंच होतं साहेब. फक्त टाकी मोठी होती."

मोठे डॉक्टर धंद्यालाही पक्के होते आणि डॉक्टरकीलाही. त्यांनी त्याला तिथंच ठेवला आणि फुरसतीनं चिठ्ठी वाचायला शिकवली. पहिला आकडा पीएच. टाकी शून्य ते चौदा कुठंही जाईल, रक्ताला ती मुभा नाही. सात पॉइंट पस्तीस ते सात पॉइंट पंचेचाळीस, एवढ्याच फटीत त्याला संसार करायचा असतो. खाली गेलं की आंबटाकडं, वर गेलं की खाराकडं. दुसरा आकडा कार्बन डायॉक्साइड. हा छातीचा आंबटपणा. श्वास मंदावला की साठतो, धापा टाकल्या की उडून जातो. पस्तीस ते पंचेचाळीस ठीक. मग बायकार्ब. हा रक्तातला खार, तो मूत्रपिंडं सांभाळतात. बावीस ते सव्वीस ठीक.

आता गंमत अशी, मोठे डॉक्टर म्हणाले, की छातीनं घोळ घातला तर मूत्रपिंडं सावरायला धावतात, आणि खाराचा घोळ झाला तर छाती धावते. महिपतीनं हे नवराबायकोसारखं ध्यानात ठेवलं. एक तोंड सोडतं तेव्हा दुसरं गप्प बसून घर चालवतं. पाहुण्याला वाटतं, गप्प बसलंय त्याचंच काहीतरी बिनसलंय. म्हणून कुठला आकडा आजार आणि कुठला आकडा उपाय, हे पहिला आकडा बघितल्याशिवाय ठरवायचं नाही.

"पहले पीएच, साईं. बाद में बाकी बात," मोठे डॉक्टर म्हणाले. महिपतीला हे पटलं, कारण यात नवीन काहीच नव्हतं.

दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात, मंगळवारी, सुंदराबाई आली.

सुंदराबाई साठीची, राहायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचला टेकडीच्या अंगाला. तिचा मुलगा कैलास रिक्षा चालवायचा. त्यानंच तिला स्वतःच्या रिक्षातून आणलं. सून विठा मागं तिला धरून बसलेली. चार दिवस उलट्या, पोटात अन्न नाही, सकाळपासून हाक मारली की ओ देते आणि पुन्हा डोळे मिटते. वॉर्डातली शीला सिस्टर वीस वर्षं याच कामात होती. तिनं बाईला आयसीयूत घेतलं, ऑक्सिजन लावायच्या आधी रक्त काढून घेतलं आणि बर्फात ठेवून महिपतीकडं पाठवलं. सव्वा वाजता चिठ्ठी आली.

पीएच ७.५३. कार्बन डायॉक्साइड ५४. प्राणवायू ६८. बायकार्ब ४४.

महिपतीनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि स्वतः घेऊन गेला.

ड्यूटीवर डॉक्टर मिलिंद होता. बदलापुरात कात्रपला राहणारा हुशार पोरगा, नुकता पास झालेला, पुढच्या परीक्षेचं जाड पुस्तक टेबलाखाली उघडं ठेवून काम करायचा. त्यानं चिठ्ठी घेतली, बाईकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठी बघितली.

"कार्बन डायॉक्साइड साठलाय," तो म्हणाला. "म्हणूनच ग्लानीत आहे. सिस्टर, भूलवाल्या डॉक्टरांना फोन करा. नळी घालून व्हेंटिलेटरवर घेऊ."

भूलवाले डॉक्टर कल्याणहून यायचे. ते म्हणाले, तीन वाजता पोचतो.

महिपती तिथंच उभा होता. "सर, बाई खाराकडं हायेत."

"काय?"

"सात पॉइंट पाच तीन. कार्बन साठून बिघडल्या असत्या तर रगत आंबट झालं असतं. हे उलटं हाय. रगत आधीच खाराकडं गेलंय, म्हणून छाती कार्बन धरून बसलीय. सावरायला. तुमी मशीननं तो उडवलात तर खार मोकळा सुटंल."

डॉक्टर मिलिंदनं पुस्तक पायानं आत सरकवलं. तो चिडका नव्हता.

"काका, माझ्या जागेवर उभे राहा. बाई मिनिटाला नऊ श्वास घेतेय. आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेली. प्राणवायू कमी, कार्बन जास्त. समोर दिसतंय तेच हे दोन आकडे सांगतायत. एकटा पीएच वेगळं बोलतोय. आणि सकाळी नऊ ते बारा लोडशेडिंग होतं, तुमचं मशीन तीन तास थंड पडलं होतं. मी पीएचवर भरवसा ठेवू?"

"मशीनचं चोपन्न ऐकलंत. अडुसष्ट ऐकलंत. पहिल्याच आकड्याला बहिरं झालात."

शीला सिस्टरनं तोंड फिरवून सलाइनची बाटली बघायला घेतली.

"आणि बायकार्ब?" महिपती म्हणाला. "चव्वेचाळीस. दुप्पट व्हायला आलंय."

"ते मशीन मोजत नाही, काका. पहिल्या दोन आकड्यांवरून हिशेब करून छापतं. पीएच चुकला की बायकार्ब आपोआप चुकला."

हे खरं होतं. महिपतीला ते माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे, मशीनला पाजायच्या पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक शनिवारीच संपली होती. लाईट आल्यावर त्यानं उरलेल्या एका बाटलीवर मशीन सरळ केलं होतं. माणूस एका पायावर उभा राहतो, पण त्याला पळायला कुणी सांगत नाही.

मोठे डॉक्टर मुंबईला मीटिंगला. त्यांचा मोबाइल बंद. दीड वाजला होता.

मशीनच्या खोलीत येऊन महिपती स्टुलावर बसला. व्हेंटिलेटरनं कार्बन चाळीसवर आणला तर पीएच कुठं जाईल, हे त्याला आकडेमोड करून सांगता आलं नसतं. पण भिंतीवर मोठ्या डॉक्टरांनी चिकटवलेला तक्ता होता. बायकार्ब चव्वेचाळीस, कार्बन चाळीस. त्यानं दोन बोटं सरकवत नेली, ती एकत्र आली तिथं सात पॉइंट सहा सहा होतं. त्या चौकोनाला मोठ्या डॉक्टरांनी लाल पेन्सिलीनं गोल केला होता. एवढ्या खाराला आकडी येते, काळीज ठोका चुकवतं. म्हणजे तीन वाजता बाईला बरं करायला तिथं नेणार होते.

खिशातली वही हाताला लागली. समोर परत बीएस्सी होता. या वेळचा एमबीबीएस होता, एवढाच फरक.

महिपती उठला आणि आयसीयूत गेला. "सर, मशीन खोटं का खरं, हे बघायला ओळखीचं रगत पायजे. ज्याचा आकडा आधीच ठाऊक हाय असं."

"असं रक्त कुठून आणणार?"

महिपतीनं बाही वर केली. "दम नाय, डायबिटीस नाय, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. माझं नीट आलं तर मशीन नीट. वाकडं आलं तर नळी घाला, मी शब्द काढनार नाय."

शीला सिस्टर म्हणाली, "काका, जेवलात का?"

"नाय."

"मग रक्त देऊ नका."

"देत नाय. दाखवतोय."

डॉक्टर मिलिंदनं घड्याळ बघितलं, बाईकडं बघितलं आणि सुई घेतली. धमनी खोल असते, शिरेसारखी वर दिसत नाही. पहिल्यांदा चुकली.

"तिकडं हाड हाय, सर."

"माहितीये."

दुसऱ्यांदा लागली. मशीनला आकडे जुळवायला दोन मिनिटं लागली. तेवढ्या वेळात महिपतीनं मनगट दाबून धरलं होतं आणि डॉक्टर मिलिंद मशीनच्या पडद्याकडं बघत होता. चिठ्ठी बाहेर आली.

पीएच ७.४१. कार्बन डायॉक्साइड ३९. बायकार्ब २४.

"नॉर्मल आहात," डॉक्टर मिलिंद म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती.

"मला कधी कोन बोललं नवतं," महिपती म्हणाला आणि चिठ्ठी खिशात घातली.

डॉक्टर मिलिंदनं सुंदराबाईचं रक्त स्वतः पुन्हा काढलं. बर्फ, मशीन, दोन मिनिटं. ७.५३. ५५. ४४.

तो खुर्चीत बसला. "मान्य. खाराकडं आहे. पण काका, उलट्यांनी पोटातलं ॲसिड जातं आणि रक्त खाराकडं जातं, ते ठीक. चार दिवसांच्या उलट्यांनी चव्वेचाळीस? बाहेरून खार आल्याशिवाय एवढं होत नाही, आणि मी घरच्यांना दोनदा विचारलंय. कुठलंच औषध नाही. कारण कळलं नाही तर भूलवाले सर मला विचारणार, एवढी गळालेली बाई नळीशिवाय कुणाच्या जिवावर ठेवलीस? मी काय सांगू? वॉचमनच्या?"

"माजी वॉचमन," महिपती म्हणाला.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर बाकड्यावर कैलास संमतीचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. नळी घालायला घरच्यांची सही लागते. त्यानं सही केली नव्हती, कारण पेन नव्हतं. टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन सकाळपासून गायब होतं आणि शीला सिस्टरला कुणावर संशय आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"काका, पेन हाय काय?" कैलासनं विचारलं.

महिपतीच्या पँटच्या खिशात ते होतं. "नाय," तो म्हणाला.

तो कैलासशेजारी टेकला. "आई काय काम करते?"

"तिचं काय वय हाय का कामाचं? घरीच असते."

पलीकडं भिंतीला टेकून बसलेल्या विठानं मान वर केली. "घरी असते म्हंजे काय? रोजचे तीन किलो पापड लाटते ती. सेठानीकडनं पीठ येतं, आम्ही दोघी लाटतो. तुमी रिक्षात असता, तुमाला वाटतं पापड आपोआप गोल व्हत्यात."

महिपती उठून आत गेला. सुंदराबाईचा हात हातात घेऊन त्यानं तिची बोटं बघितली. बोटांची टोकं गुळगुळीत होती, रेषा पुसून गेलेली. अशी बोटं त्यानं बावीस वर्षं बघितली होती. कॉस्टिकची पिंपं धुणाऱ्यांची तशी व्हायची. त्याची स्वतःचीही होती. पापडाच्या पिठात पापडखार घालतात. त्यानंच पापड फुलतो. पण बोटातून कुणी चव्वेचाळीस होत नाही.

तो परत बाहेर आला. "विठाताई, सासूला पित्ताचा त्रास हाय?"

"लई. सारखी छातीत जळजळ."

"गोळी काय घेतात?"

"गोळी नाय घेत. गोळ्यांनी किडनी जाते म्हंते. शेजारच्या भिमाबाईची गेली ना."

"मग जळजळीवर करतात काय?"

"खार घेते की."

"कंचा?"

"पापडाचा. डब्यातलाच. पाण्यात ढवळायचा नि प्यायचा. ढेकर येते, बरं वाटतं. आधी चिमूट घ्यायची, मग आर्धा चमचा, आता चांगला चमचा घेते. दिवसातनं चार दफा, पाच दफा. उलट्या लागल्यापासनं तर जास्तीच. म्हंते उलटी आंबट येतीय, म्हंजे पित्त आजून आत हाय."

कैलास उभाच राहिला. "आगं, डॉक्टरनी दोनदा विचारलं तुला! तवा तोंडात काय पापड होता?"

"डॉक्टरनी औषध इचारलं," विठा म्हणाली. "खार काय औषध हाय? खार सामान हाय."

डॉक्टर मिलिंद दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या जाड पुस्तकात औषधं नऊशे पानं होती. सामान नव्हतं.

महिपतीनं वहीतलं एक लाल पान फाडलं. सुंदराबाईच्या खाटेला लघवीची पिशवी लटकत होती. सिस्टरनं नळीतून चार थेंब वाटीत काढून दिले. कागद बुडवला. निळा झाला. सावकाश, कडेपासून आत, बबनच्या दिवशी झाला होता तसाच.

या वेळी महिपतीनं तो खिशात घातला नाही. डॉक्टर मिलिंदच्या हातात दिला.

"मूत्रपिंडं खार बाहेर फेकतायत, सर. त्यांना पुरं पडंना म्हनून छाती मदत करतीय. बाई ग्लानीत हायेत, पन आतलं घर चालू हाय."

डॉक्टर मिलिंदनं कागद उजेडाकडं धरला. मग म्हणाला, "सिस्टर, पोटॅशियमचा रिपोर्ट आला का?"

"दोन पॉइंट चार."

"साडेतीन तरी पाहिजे. गळाठलीय ती त्यानं." तो लिहायला वाकला आणि थांबला. "पेन कुठे गेलं माझं? आत्ता होतं."

सलाइन वाढलं, त्यात पोटॅशियम मोजून चढायला लागलं. बाईला ऑक्सिजन जेमतेम लागेल एवढाच ठेवला आणि शीला सिस्टर खुर्ची घेऊन तिचे श्वास मोजत बसली. तीन वाजून पाच मिनिटांनी भूलवाले डॉक्टर बॅग घेऊन आले. त्यांनी दोन चिठ्ठ्या आणि एक निळा कागद बघितला, बाईला हाक मारली, बाईनं ओ दिली. "हिला नळी कशाला?" ते म्हणाले, चहा प्यायले आणि कल्याणला परत गेले. चार वाजता मोठ्या डॉक्टरांचा फोन लागला. डॉक्टर मिलिंदनं सगळं सांगितलं. कुणी न सांगता महिपतीचं नावही घेतलं. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला.

"नळी नहीं, साईं. सलाइन, पोटॅशियम, और वो खार का डब्बा घर से बाहर. बाकी, पीएच पहले देखा करो."

संध्याकाळी पीएच सात पॉइंट पन्नास. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. तिसऱ्या दिवशी सुंदराबाई उठून बसली आणि आपल्याला न विचारता आपल्या बांगड्या कुणी काढल्या याची चौकशी करायला लागली. डॉक्टर मिलिंदनं तिला समजावलं. खार बंद. पूर्ण बंद. चिमूटसुद्धा नाही.

"मग पित्तावर काय घेऊ?"

"मी गोळी लिहून देतो."

"गोळीनं किडनी जाते." तिनं दारातल्या महिपतीकडं बघितलं. "भाऊ, तुमी सांगा. तुमी आमच्यातले दिसता."

महिपतीनं विचार केला. आयुष्यभर त्यानं आंबट का खार एवढंच सांगितलं होतं. पुढं टाकीत काय ओतायचं हे साहेब ठरवायचे.

"गोळी घ्या, मावशी," तो म्हणाला. "आनि डॉक्टर काय खाता विचारतील तवा सामानबी सांगा."

डॉक्टर मिलिंद त्यानंतर नव्या पेशंटला औषधं विचारून झाली की "आणि सामान?" असं विचारायला लागला. लोकांना कळायचं नाही. काही जण घरातल्या कपाटांची यादी सांगायचे.

पंधरा दिवसांनी सुंदराबाईनं कैलासच्या हातून महिपतीला शंभर पापड पाठवले. त्यानं एक तुकडा पाण्यात भिजवून त्यावर लाल पान टेकवलं. निळसर झालं. एवढा चालतो, असं ठरवून त्यानं बाकीचे घरी नेले.

स्वतःच्या रक्ताची चिठ्ठी त्यानं वहीत घालून ठेवली होती. ती बबनला दाखवायची असं त्याच्या मनात होतं, पण विषय कुठून काढायचा हे कळत नव्हतं. विषय म्हणजे 'बरं'च्या पलीकडं. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका संध्याकाळी शिवमंदिराच्या रस्त्यावर चहा पिताना त्यानं सगळं एका दमात सांगितलं. बाई, नळी, तीन वाजता येणारे डॉक्टर, हातातला निळा कागद. कागद खिशात घातला नाही, हे दोनदा सांगितलं.

बबननं कप खाली ठेवला. "एमबीबीएस होता?"

"एमबीबीएस."

"आनि तू बोललास."

"बोललो."

"मंजी तुला बोलता येतं."

रस्त्यावरून बेल-फुलांची टोपली घेऊन एक बाई देवळाकडं गेली. चहावाल्यानं स्टोव्हला पंप मारला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा बबन पुढं बोलला. "भडव्या," तो म्हणाला, "एवढंसं बोलायला तुला नऊ वर्षं आनि माजा एक डोळा लागला." शिवी पूर्ण होती, मनापासून होती. महिपतीला छातीतलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.

"दाखव काय ते."

महिपतीनं वही उघडून चिठ्ठी दिली. बबननं ती उजव्या डोळ्याजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. ती मशीनच्या चकचकीत कागदावरची छपाई होती. असली अक्षरं सहा महिन्यांत उडतात. कागद पांढराफेक होता.

"यावर काय नाय."

"उडालं. पन होतं. सात पॉइंट चार एक. नॉर्मल."

बबननं कोऱ्या कागदाची घडी घातली, महिपतीच्या खिशात वहीशेजारी ठेवली आणि तिथलं पेन स्वतःच्या खिशाला लावलं.

"तू म्हंतोस तर असंल," तो म्हणाला. "चहाचं सांग आनखी दोन."